जननीच्या लग्नात अत्या नव्हती

जयलक्ष्मीच्या आजाराचं नाव घरात फक्त तिच्या आईला ठाऊक होतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस. आईच्या जिभेवर ते कधी नीट बसलं नाही, ती 'तुझं ते' एवढंच म्हणायची. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडतात, पोटात पिळवटून येतं, शौचावाटे रक्त जातं, आणि एकदा लागली की जराही थांबवत नाही. महिनोन्महिने शांत असतं आणि मग एखाद्या आठवड्यात असं उसळतं की माणूस घराबाहेर पाऊल टाकायला घाबरतं. डॉक्टर सुब्रह्मण्य यांनी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा जयलक्ष्मी सत्तावीस वर्षांची होती आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. दवाखान्याच्या फाटकाबाहेर ऑटोत चढायच्या आधी आईनं तिचं मनगट धरलं.

"लग्न होईपर्यंत कुणाला सांगूं नको. सतीशलासुद्धा नको."

लग्न झालं नाही. पुढे आईही गेली. न सांगणं तेवढं मागे राहिलं.

आता जयलक्ष्मी चव्वेचाळीस वर्षांची होती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर; पिढ्यान्पिढ्या तिथंच राहिलेलं मराठी कुटुंब. खाली धाकटा भाऊ सतीशकुमार, त्याची बायको मंगला आणि त्यांची एकुलती मुलगी जननी. वर जयलक्ष्मी, एक खोली आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. ती एका कॉलेजच्या परीक्षा विभागात नोकरीला होती. घरच्यांच्या लेखी अक्काचं पोट नाजूक होतं आणि स्वभाव त्याहून नाजूक. ती कुणाच्या बारशाला जायची तर उशिरा जायची आणि जेवणाची पानं मांडायच्या आत निघायची. आज उपास आहे, आज ऑफिसात जेवून आलें, आज डोकं दुखतंय. अशी कारणं देणाऱ्या माणसाला लोक पुन्हा आग्रह करत नाहीत. काही वर्षांनी बोलावणंही तोंडदेखलं होतं.

मंगला मात्र आग्रह सोडत नव्हती. ती हाताची सुगरण. वांगीभात केला, चिंचेचं दाट सांबार केलं, उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी केली की झाकण लावून एक डबा वर पाठवायची. दुसऱ्या दिवशी जयलक्ष्मी डबा घासून खाली आणून द्यायची.

"मीठ बरोबर होतं का, अक्का?"

"बरोबर होतं. छान झालतं."

त्यातला एक घासही तिनं खाल्लेला नसे. डबा सकाळी कॉलेजात जायचा आणि तिथला शिपाई तो आनंदानं संपवायचा.

दोनेक वर्षांपूर्वी, एक मोठी उसळी निभावून झाल्यावर, ती बसनं तिरुवैयारूला गेली. तिथे कावेरीच्या काठाजवळ चिदंबर वैद्य राहत. ते मूळचे मराठी घराण्यातलेच. सगळे त्यांना वैद्यर म्हणत, म्हणून तीही वैद्यर म्हणू लागली. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डॉक्टरांचे कागद चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचले. मग विचारलं, जेवतां कधी, झोपतां कधी, आणि जेवायला बरोबर कोण असतं?

"कुणी नाही. एकटीच."

"हं," ते म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

त्यांनी कॉफी बंद केली. चिंच आणि लाल मिरची बंद केली. मुगाची डाळ घालून मऊ शिजवलेला भात, पातळ ताक, त्यात चिमूटभर सुंठ. बेलफळाचा गर. कुड्याच्या सालीचा काढा, तोही सांगितला तेवढाच. संध्याकाळी दिवेलागणीला जेवण उरकायचं, मग थोडं चालायचं, रात्री जागायचं नाही. उसळी आली की दूधही नको, ताकही नको, लाह्यांचं पाणी आणि भाताची पेज.

"आणि डॉक्टरांच्या गोळ्या?" तिनं विचारलं होतं.

"त्या चालूच. माझं औषध त्यांच्या बरोबर, त्यांच्या जागी नव्हे. कमी करायच्या तर डॉक्टर सांगतील. मी सांगणार नाही, आणि तुम्ही तर मुळीच ठरवूं नका, अम्मा."

तिनं सगळं पाळलं. मुळात ती पाळणारीच बाई होती. आणि ते तिला मानवलं. पोटातली ती सततची धास्ती कमी झाली. ती संध्याकाळी मोठ्या देवळाच्या हिरवळीला फेऱ्या मारू लागली, गल्लीतल्या बायका तिला ओळखून हसू लागल्या. फक्त खालच्या मजल्याशी तिचं घड्याळ आणखीच जुळेनासं झालं. ती जेवून, ताट घासून, दिवा मालवून पडलेली असे तेव्हा खाली कुठे कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या. मग टीव्हीचा आवाज, सतीशचं हसणं, मंगलाचं जननीवर ओरडणं. वर पडल्या पडल्या तिला सगळं ऐकू यायचं. वर्षभर रक्ताचा थेंब दिसला नाही, आणि वर्षभर तिनं कुणाबरोबर बसून घास खाल्ला नाही.

मग जननीचं लग्न ठरलं. मुलगा कोइंबतूरचा, मुरलीकृष्ण, संगणकाच्या कंपनीत. बघायला आली तेव्हा मुलाची आई फार गोड बोलली. बोलता बोलता तिनं विचारलं, "घरात कुणाला मोठा आजार वगैरे? हल्ली विचारून घेतलेलं बरं. शुगर, बीपी तर सगळ्यांनाच."

"काही नाही हो," मंगला हसून म्हणाली. "आमच्या अक्कांचं तेवढं पोटाचं असतं. तेही काय, एकटं राहणाऱ्या माणसाला काहीतरी लागतंच."

जयलक्ष्मी दारात कॉफीचे पेले घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला, सगळ्यांना पेले दिले, आणि हसलीसुद्धा.

त्याच संध्याकाळी जननी वर आली. ही मुलगी लहानपणी तिच्याच मांडीवर झोपायची. मराठी सगळं कळायचं पण बोलताना अर्धं तमिळ यायचं, आणि ते फक्त अत्याजवळ ती न लाजता बोलायची.

"अत्या, पहिली हळद तू लावायचीस. आपल्यात अत्याच लावते ना? आणि लग्नाच्या पंक्तीत माझ्या शेजारी बसून पूर्ण जेवायचंस. उपासबिपास सांगितलंस तर मी पानावरून उठेन."

"बसेन," जयलक्ष्मी म्हणाली.

ती खरोखरच बसणार होती. वर्षभर काही झालं नव्हतं. तिला वाटलं, आजार गेला असेल. माणसाला सोयीचं तेच दिसतं. फोनवर शोधलं तर कुठल्या तरी बाईनं लिहिलेलं सापडलं, नुसत्या कुड्याच्या सालीनं माझं आतडं कायमचं बरं झालं, गोळ्या नाल्यात फेकल्या. जयलक्ष्मीनं नाल्यात फेकल्या नाहीत. कपाटात मागे सरकवल्या. डॉक्टरांना सांगितलं नाही, वैद्यरांनाही नाही. काढा चालू ठेवला.

पहिले काही आठवडे तर तिला उलट हलकं वाटलं. एका रविवारी मंगला तिला साड्या घ्यायला कुंभकोणमला घेऊन गेली. दुपारी दोघी एका हॉटेलात बसल्या. मंगलानं विचारायचं म्हणून विचारलं, "तुम्ही काय, काही घेणार नाही ना?"

"डोसा घेतें," जयलक्ष्मी म्हणाली. "आणि कॉफी."

मंगला तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं वाढप्याला हाक मारून आणखी एक चटणी मागवली. खाता खाता दोघींनी मुलाच्या आईच्या गोड बोलण्याची नक्कल केली आणि मंगला हसता हसता ठसकली. परतीच्या बसमध्ये ती जयलक्ष्मीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. साड्यांची पिशवी दोघींच्या मांडीवर अर्धी अर्धी होती. जयलक्ष्मी सबंध रस्ताभर हलली नाही.

पंधरा दिवसांनी पहिल्यांदा रक्ताची रेघ दिसली. तिनं ती पाहिली आणि पाणी ओतलं. मनाशी म्हणाली, प्रवासाचा शीण. मग कळा सुरू झाल्या. तिनं आपल्याच मनानं काढा वाढवला. कॉफी सोडली, पेजेवर आली. पण आता पेजही राहीना. गोळ्यांची आठवण येऊन तिनं कपाटातल्या पुन्हा सुरू केल्या, तोवर उशीर झाला होता. ऑफिसात ती खुर्चीवरून उठून इतक्या वेळा जायची की शेजारच्या टेबलावरच्या हरिप्रसादनं एकदा काळजीनं विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" ती म्हणाली, "घरात लग्न आहे, झोप नाही."

लग्नाच्या आठवड्यात घर भरलं. चेन्नैची पाहुणे मंडळी वर तिच्या खोलीत उतरली. तिच्या मोरीच्या दाराशी सकाळी रांग लागायची. दोन आतेबहिणी, त्यांच्या मुली, एक म्हातारी काकू. जयलक्ष्मी त्या रांगेत घामाघूम होऊन उभी राहायची आणि एकदा तर तिला वेळेवर पोचता आलं नाही. तिनं पातळ धुतलं, वाळत घातलं, आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, हळद सांडली. अंगात कणकण होती. जिना चढताना भिंत धरावी लागत होती.

तिनं गल्लीच्या टोकाला जाऊन वैद्यरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गोळ्या चालू आहेत ना?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कधीपासून बंद होत्या?"

"दोन महिने. आता परत घेतें आहे."

पलीकडे ते खोल श्वास घेताना ऐकू आले. "अम्मा, आता माझ्याकडे येऊं नका. सरळ डॉक्टरांकडे जा. आजच्या आज."

"लग्न झालं की जातें. दोनच दिवस आहेत."

"ताप आहे, इतकं रक्त जातंय. हे काढ्याचं काम नव्हे. ऐका माझं. लग्न तुमच्यावाचून होईल."

फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. समोरून मांडवासाठी केळीचे खांब घेऊन एक गाडा चालला होता. तो त्यांच्याच घराकडे वळला.

घरी जाऊन तिनं मंगलाला सांगितलं, कॉलेजचं काम निघालंय, चेन्नैला जावं लागतंय, निकालाच्या याद्यांचा घोळ झालाय, दुसरं कुणी नाही. लग्नाच्या सकाळपर्यंत येतें.

मंगलाच्या हातात खोबऱ्याची परात होती. "आत्ता? अक्का, उद्या हळद आहे."

"मला माहीत आहे."

"दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणावं. तुम्ही काय तिथल्या कुलगुरू आहां का?"

"येतें मी वेळेवर."

मंगलानं तोंड फिरवलं. जयलक्ष्मी पिशवीत दोन साड्या, टॉवेल आणि डॉक्टरांचे कागद घालून निघाली. जननी पार्लरला गेली होती, ते बरंच झालं.

डॉक्टर सुब्रह्मण्य यांनी तिला परत पाठवलंच नाही. रक्त फार उतरलं होतं. शिरेतून स्टेरॉइड सुरू केलं, सलाइन लावलं, रक्ताची बाटली मागवली. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "आणखी थोडे दिवस गेले असते तर आतडं काढायची वेळ आली असती. समजलं?" तिनं मान हलवली. नर्सनं विचारलं, बरोबर कोण आहे? येतायत, ती म्हणाली. संध्याकाळी दुसऱ्या नर्सनं तेच विचारलं. येतायत. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

हॉस्पिटल घरापासून टाउन बसच्या चार थांब्यांवर होतं.

शेजारच्या खाटेवर गंगाबाई नावाची एक म्हातारी होती. तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्याभोवती सतत कुणी ना कुणी असायचं, लेक, सून, नातू, कुणाचा डबा, कुणाचा थर्मास. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, जयलक्ष्मीचा फोन वाजला.

"हो, मंगला, चेन्नैतच आहें. काम आटपत नाही. नाही गं, मुद्दाम कशाला करीन? जननीला दे. बरं, नको, हळदीच्या गडबडीत असेल."

फोन ठेवला तर गंगाबाई तिच्याकडेच बघत होती.

"तूं आमच्यातलीच की," म्हातारी मराठीत म्हणाली. "कुणाच्या घरची?"

जयलक्ष्मीनं पांघरूण वर ओढलं. तंजावुरात मराठी घरं ती किती. "आम्ही इथले नव्हे," ती म्हणाली. "मदुरैचे."

गंगाबाईनं त्यावर काही विचारलं नाही. थोड्या वेळानं सुनेनं आणलेलं शहाळं तिनं अर्धं पेल्यात ओतून नर्सच्या हाती पलीकडे पाठवलं. "हे चालतं का विचारून घे, मग पी. लग्न कुणाचं?"

"भाचीचं. भावाच्या मुलीचं."

"अत्या आहेस मग." म्हातारीनं डोळे मिटले. "चेन्नैहून यायला वेळ लागतोच."

ती चेष्टा होती की समजूत, जयलक्ष्मीला कळलं नाही. ते शहाळं ती हळूहळू प्यायली. दोन दिवसांत कुणी तिला काही दिलं असेल तर ते तेवढंच. गंगाबाईला त्याच संध्याकाळी घरी सोडलं. मोठा गोतावळा तिला खुर्चीतून ढकलत घेऊन गेला, आणि ती खाट रिकामी राहिली.

लग्नाच्या सकाळी तिनं पातळ नीट केलं, एका हातानं केस विंचरले. कशासाठी ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. फोन वाजला तो जननीचा, आणि तो चेहरा दाखवणारा फोन होता. जयलक्ष्मीनं तो कापला आणि साधा फोन लावला. पलीकडे नादस्वर, ढोल, भटजींचा आवाज, कुणीतरी कुणाला फुलं मागत होतं.

"अत्या, एंगे इरुक्के? कुठे आहेस? मुहूर्त आलाय."

"जननी, नाही गं जमत. गाडी चुकली."

"बसनं ये. टॅक्सीनं ये. थोडं थांबूं आम्ही, भटजींना सांगतें."

"नको थांबूं. मी नाही पोचत."

ढोल तेवढा वाजत होता.

"हळद कोइंबतूरच्या अत्तैनं, मुलाकडच्या अत्यानं लावली," ती शेवटी म्हणाली. "त्यांना आपली रीत माहीत नव्हती. अम्मानं सांगितली." मग तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

जयलक्ष्मीनं फोन उशीखाली ठेवला. थोड्या वेळानं पोटात कळ आली, तशी ती सलाइनची दांडी हातात धरून संडासाकडे गेली. परत आली. नाश्त्याला पेज आली होती, ती तिनं निम्मी खाल्ली. दुपारी डॉक्टर म्हणाले, रक्त थांबत आलंय, औषध लागू पडतंय. ती म्हणाली, "बरं झालं," आणि तिला रडू आलं. डॉक्टरांना वाटलं, सुटकेचं रडू.

घरी आली तोवर पाहुणे गेले होते, जननी सासरी गेली होती. दारातले केळीचे खांब सुकून वाकले होते. मंगलानं तिच्याकडे पाहिलं आणि आत गेली. जिन्याच्या पायरीवर लग्नाच्या लाडूंचा पुडा ठेवलेला होता, बाहेरच्या माणसाला देतात तसा. सतीश सोप्यात वर्तमानपत्र वाचत होता. "आलीस?" एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगला वर आली. बोलायचं तिनं रात्रभर ठरवलेलं असणार, कारण ती दारातूनच बोलू लागली.

"पोरगी मांडवात रडली, अक्का. माझी पोरगी. लोकांनी विचारलं, अत्या कुठे? मी काय सांगूं? कॉलेज मोठं की ती मोठी? तुम्हांला कधीच आमच्यात यायचं नव्हतं, तर तसं सांगायचं. कुंभकोणमला आलांत, मला वाटलं आता..."

ती मधेच थांबली. जयलक्ष्मी गॅसवरचं पातेलं उतरवायला वळली होती आणि तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सुयांचे काळेनिळे डाग पडले होते.

"हे काय?"

जयलक्ष्मीनं पदर ओढून हात झाकला. मग पदर सोडला.

"बस, मंगला," ती म्हणाली. "सांगतें."

तिनं सगळं सांगितलं. आजाराचं नाव, आईनं धरलेलं मनगट, गोळ्या, वैद्यर, हॉस्पिटल. तिला वाटलं होतं बराच वेळ लागेल, पण सांगायला फार काही नव्हतंच. मंगला दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली होती. तिनं विचारलं ते अगदी भलतंच.

"मग मी पाठवायची ते जेवण?"

जयलक्ष्मीला खोटं बोलता आलं असतं. "कॉलेजातल्या शिपायाला देत होतें."

"सगळं?"

"होय."

"इतकी वर्षं?" मंगला म्हणाली. "मी विचारायची, मीठ बरोबर होतं का. आणि तुम्ही म्हणायच्यां, बरोबर होतं."

"तुला वाईट वाटूं नये म्हणून."

"मला कळलं असतं तर मी तिखट न घालतां केलं असतं, अक्का! एवढंच तर करायचं होतं." ती उठली, डोळे पुसले, आणि दोन पायऱ्या उतरून परत वर आली. "त्या दिवशी मुलाच्या आईसमोर मी बोललें ते तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

मंगला खाली गेली. त्यानंतर बरेच दिवस तिनं वर काहीच पाठवलं नाही. जिन्यात भेटली की "बरं आहे का?" विचारायची आणि उत्तराची वाट न बघता जायची. सतीशला तिनं सांगितलं असणारच, पण तो त्यावर एक अक्षर बोलला नाही. न सांगताना जयलक्ष्मी एकटी होती, तशीच सांगूनही एकटी होती. फरक एवढाच की आता खालच्या माणसांना ती वर आहे हे सारखं जाणवत होतं, आणि त्यांना ते जाणवतंय हे तिला कळत होतं.

जननीचा फोन एका संध्याकाळी आला. आईनं तिला सांगितलं होतं.

"मला सांगायचं होतंस, अत्या."

"तुझं लग्न होतं."

"म्हणूनच. मी हळदीची वाटी घेऊन तिथे आलें असतें. हॉस्पिटलात. तू खाटेवरून लावली असतीस, दोन मिनिटांचं काम." ती रागावलेली होती, आणि रागावली की तिचं मराठी एकदम शुद्ध व्हायचं. "तू मला विचारलंच नाहीस."

फोन संपल्यावर जयलक्ष्मी ओट्यापाशी उभी राहून पुन्हा पुन्हा तेच बघत राहिली, पिवळी साडी नेसलेली जननी वॉर्डाच्या दारातून वाटी सांभाळत आत येतेय. हे होऊ शकलं असतं. तिच्या मनात ते एकदाही आलं नव्हतं.

ताकद आल्यावर ती तिरुवैयारूला जाऊन आली. वैद्यरांनी कागद वाचले आणि काढा पूर्ण थांबवला. स्टेरॉइड उतरवत आणेपर्यंत फक्त पथ्य, म्हणाले, आणि नंतर काही सुरू करायचं तर आधी डॉक्टरांना विचारून या, मी चिठ्ठी देतों. पेज, मऊ भात, शिजवलेलं दुध्या-पडवळ, वेळेवर झोप. निघताना ते दारापर्यंत आले.

"अम्मा, त्या दिवशी मी फोनवर म्हणालों, लग्न तुमच्यावाचून होईल. ते तसं बोलायला नको होतं."

"झालंच की," जयलक्ष्मी म्हणाली. तिनं ते सरळच म्हटलं, पण म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

आषाढ संपत आला तेव्हा एका दुपारी जिन्यावर डबा दिसला. आत मुगाची पातळ खिचडी, वर थोडं तूप, मिरचीचा मागमूस नाही. जरा अळणी होती. तिनं ती सगळी खाल्ली आणि डबा घासून खाली ठेवला. मंगलानं मीठ विचारलं नाही, हिनंही सांगितलं नाही. त्यानंतर आठवड्यातून कधी एकदा, कधी दोनदा डबा येऊ लागला.

डॉक्टरांना आतडं आतून पुन्हा पाहायचं होतं. कोलोनोस्कोपी. नर्स म्हणाली, गुंगीचं इंजेक्शन देणार, बरोबर माणूस हवंच, नाहीतर सोडत नाही. आई गेल्यापासून जयलक्ष्मीनं ही तपासणी गुंगीशिवाय करून घेतली होती. दात आवळून पडून राहायचं आणि नंतर स्वतःच ऑटो करून घरी यायचं. या वेळीही ती तसंच करणार होती. पण आदल्या संध्याकाळी सतीश जिना चढून वर आला. तो वर आला त्याला वर्षं झाली असावीत; खोलीत कुठे बसायचं ते त्याला कळेना.

"मंगलानं हॉस्पिटलची चिठ्ठी बघितली, म्हणाली उद्या काहीतरी आहे. मी येतों. रजा टाकलीय."

तपासणी झाली. शुद्धीवर आली तेव्हा सतीश खाटेजवळच्या स्टुलावर तिची पिशवी मांडीवर धरून बसला होता. डॉक्टर म्हणाले, व्रण भरत आलेत, सगळे नाहीत. गोळ्या सोडायच्या नाहीत, पथ्य चालू ठेवा, ते तुम्हांला मानवतंय असं दिसतंय. पुन्हा उसळी येणारच नाही असं काही मी सांगूं शकत नाही. सतीशनं ते सगळं लक्ष देऊन ऐकलं, मुलाच्या शाळेत बोलावून घेतलेल्या बापासारखं.

स्कूटरवर ती मागे बसली. हात कुठे ठेवावा ते तिला सुचेना, म्हणून तिनं मागची दांडी धरली. तो खड्डे चुकवत अगदी हळू चालवत होता. जुन्या बसस्टँडजवळ सिग्नलला थांबल्यावर त्यानं मान न वळवता विचारलं, "याआधी कोण यायचं तुझ्याबरोबर?"

"कुणी नाही."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तरी तो क्षणभर तसाच उभा होता, मग निघाला. घराच्या दारात त्यानं तिला उतरवलं, पिशवी तिच्या हाती दिली, आणि म्हणाला, "पुढच्या वेळी तारीख सांग."

"सांगतें."

तो आत गेला. ती जिना चढून वर गेली. अजून जरा गरगरत होतं. तिनं खिडकी उघडली, तांदूळ-डाळ धुऊन गॅसवर ठेवली आणि शिजेपर्यंत खुर्चीवर बसून राहिली. खाली सतीश मंगलाला काहीतरी सांगत होता, हळू आवाजात, आणि एकदा तिचं नाव ऐकू आलं. पुढचे शब्द टीव्हीच्या आवाजात गेले.